चौदा तसबिरींवरील मोहिमेची हकिकत

श्रीभीमाशंकराचे पायी मस्तक ठेवून, आणि वीज जावयाचे आत लेखन पुरे व्हावे ऐसी प्रार्थना करून, हकिकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सर, निज ज्येष्ठ वद्य त्रयोदशी, वार गुरुवार, म्हणजे भिंतीवरील कॅलेंडराप्रमाणे बारा जुलै दोन हजार सात, ते दिवशी कसबे मंचर, तालुके आंबेगाव, येथे शेठ सुवालालजी यांचे कापडदुकानाचे माडीवर जो संग्राम जाहला, तो पुढील पिढ्यांस ठाऊक असावा. मोठ्या लढायांच्या बखरी लिहिणारे पुष्कळ; त्यांस शाली मिळाल्या, नारळ मिळाले, सभेत पुढची खुर्ची मिळाली. ही लढाई टेलिफोनच्या एका तारेवर जाहली, तीत रक्त सांडले नाही, चहा मात्र सांडला, सबब कोणी लिहीना. मग बखरकाराने लेखणी हाती घेतली. वाचणाराने आरंभीच हसू नये. कोणास हसावे हे शेवटी आपोआप कळून येईल.

या मोहिमेचे सरदार राजश्री सुदर्शनराव, राहणार अवसरी बुद्रुक, वय वर्षे तेवीस, जुन्नरास राहून संगणकशास्त्राची पदवी हस्तगत केलेले, आणि मग नोकरीकारणे पुण्यावर तीन स्वाऱ्या केलेले. तिन्ही वेळा काचेच्या इमारतीत बसून थंड पाणी प्याले आणि तिन्ही वेळा 'कळवतो' एवढा जबाब घेऊन परत आले. ते कळवणे अद्याप आले नाही. तेव्हा सुवालाल शेठजींनी त्यांस आपल्या पदरी ठेविले, माडीवर चार संगणक, एक छापयंत्र आणि टेलिफोनची एक तार त्यांचे हवाली केली, आणि बाहेर 'सायबर कॅफे' ऐसी पाटी लाविली. सुदर्शनराव स्वतःस सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणवीत. शेठजी त्यांस 'माडीवरचा' म्हणत.

रुंद तारेसाठी, जीस ब्रॉडबँड म्हणतात, अर्ज करून आठ महिने लोटले होते आणि ती तार राजगुरुनगरापर्यंत आल्याची खबर दर पंधरवड्यास येई. तोवर एकच अरुंद वाट आणि तीवरून चार संगणकांची ये-जा, म्हणजे सदा खोळंबा. यावर सुदर्शनरावांनी इलाज केला तो ऐसा, की तारेच्या तोंडाशी एक चौकी बसविली. तीस प्रॉक्सी म्हणतात. चारही संगणकांनी बाहेरचे पान थेट मागू नये, चौकीस सांगावे, चौकीने ते जगातून आणावे, उलगडून तपासावे, आणि मग आत सोडावे. चौकीवरचा पहारेकरी म्हणजे प्रोग्राम, तो सांगितल्याबाहेर तसूभर हलत नाही. परंतु त्यास पर्ल नामे भाषेत हुकूम लिहून दिला असता जाणाऱ्या-येणाऱ्या मजकुरात तो हवा तैसा फेरफार करितो, अमुक आले तर घ्यावे, तमुक आले तर वेशीबाहेर ठेवावे, अमक्याचे जागी तमके द्यावे. ही विद्या सुदर्शनराव रात्रंदिवस घोकून शिकले होते, आणि आजवर तिचा उपयोग जाहिराती कापण्यापलीकडे जाहला नव्हता. तालुक्यात तिची कदर करणारा एकही माणूस नव्हता याचे त्यांस फार वाईट वाटे.

आता गनिमाचे वर्णन. सरकारातून एक योजना निघाली होती, की डोंगरी मुलखातील मुलींस परिचारिकेचे शिक्षण द्यावे, राहणे-जेवण सरकारातून व्हावे, आणि शिकून जाहल्यावर त्यांनी आपल्याच मुलखात रुजू व्हावे. योजना चांगली, यात वाद नाही. परंतु जमाना आधुनिक, सबब कोण्या एका कचेरीतील कोण्या एका साहेबाने कागदी अर्ज बंद केले आणि हुकूम काढिला, की अर्ज संकेतस्थळावरच घ्यावा. त्या कचेरीचे नाव लिहावयास आमची लेखणी राजी नाही, शाई महाग आहे.

ते संकेतस्थळ म्हणजे किल्लाच. वेशीवरच चौदा तसबिरी टांगलेल्या. मा. प्रेरणास्थान, मा. मार्गदर्शक, मा. सहमार्गदर्शक, मा. संकल्पक, आणि खाली उतरत उतरत संकल्पकांचे स्वीय सहायक, ऐसे चौदा मानकरी, प्रत्येकाचे गळा हार, प्रत्येकाचे मुखी तेच हसू, आणि प्रत्येक तसबीर चौकात टांगावयाच्या फ्लेक्सास पुरेल एवढी थोर. पान रचणाराने त्यावर आणखी शहाणपण केले, की चौदाही तसबिरी उतरून आल्याखेरीज 'अर्ज भरा' हे बटण दिसूच नये, कारण मानकऱ्यांचे दर्शन घेतल्यावाचून कोणी आत गेला तर त्यांचा अवमान होतो. मंचरच्या तारेवरून एक तसबीर यावयास तीन मिनिटे, चौदास बेचाळीस. आणि दुसरा नियम ऐसा, की वेशीवर वीस मिनिटे जो नुसता उभा राहील त्यास 'आपली मुदत संपली आहे' म्हणून हाकलून द्यावे. हिशेब वाचणाराने आपला आपण करावा. डोंगरी मुलींसाठी जी वेस बांधिली, तीतून डोंगराकडची एक तार आत शिरू शकत नव्हती. साहेबाचे टेबलावर मात्र ते पान डोळ्याचे पाते लवते तोच उघडे. मग साहेबाने 'उत्तम' ऐसा शेरा मारिला आणि चहा मागविला.

या किल्ल्यावर चालून आलेली खाशी स्वारी म्हणजे डोंगरावरील आहुप्याची अंजना, वय अठरा, सोमाजीबाबांची धाकटी लेक. घोडेगावास वसतिगृहात राहून बारावी शास्त्र शाखेतून पास जाहली, तिच्या वाडीतून इतकी मजल कोणी मारिली नव्हती. तिचे बोलणे थोडे. मोहिमेआधी दोन दिवस, मंगळवारी, ती प्रथम माडीवर आली तेव्हा परिचारिका कशास व्हायचे म्हणून सुदर्शनरावांनी सहज विचारिले, तो ती म्हणाली, "आमच्याकडं वर नर्सबाई येती ती ज्या गाडीनं येती त्याच गाडीनं जाती. गाडी वळंस्तवर जेवढी मानसं दिसली तेवढी तपासती. मला गाडी गेल्यावरबी थांबायचंय."

त्या मंगळवारी अंजना तीन वेळा वेशीवरून हाकलली गेली. अर्जास दोन दिवस उरले होते. तेव्हा सुदर्शनरावांनी खुर्चीत रेलून, पेन कानास लावून, मोठ्या तोऱ्याने अभय दिले, की आज सर्व्हरवर गर्दी आहे, गुरुवारी या, चुटकीसरशी करून देतो. सर्व्हरवर गर्दी आहे की नाही हे त्यांस काडीमात्र ठाऊक नव्हते. जे यंत्र आपले ऐकत नाही त्याविषयी ऐसे बोलावे, ही या धंद्याची जुनी रीत. मग बापलेक आहुप्यास परत गेली, आणि बुधवारचा सबंध दिवस सुदर्शनरावांनी गिऱ्हाइकांच्या मोबाइलांत गाणी भरण्यात घालविला. एवढी एक गोष्ट त्यांच्या पदरी लिहून ठेवणे बखरकारास प्राप्त आहे.

गुरुवारी अकराच्या सुमारास सोमाजीबाबा आणि अंजना दोन गाड्या बदलून मंचरास दाखल जाहले. मुदत सायंकाळी पाचपर्यंत. परंतु भारनियमनाचे वेळापत्रक शेठजींच्या गल्ल्यामागे चिकटविले होते, त्यात गुरुवारचे खाती चार वाजता वीज जाणार ऐसे लिहिलेले, आणि वीज मंडळ एरवी कधी वेळेवर नसले तरी वीज नेण्याचे कामी मोठे वक्तशीर. म्हणजे मुदत पाचची नव्हे, चारची. सुदर्शनरावांनी बाही सारली आणि पहिला हल्ला चढविला. सहा तसबिरी उतरल्या, सातवीचे कपाळ दिसू लागले, आणि वीस मिनिटे भरली. पुन्हा चढविला, पुन्हा सहावरच शिकस्त जाहली. तिसऱ्या खेपेस बाकीचे तिन्ही संगणक बंद करून सारी तार एकट्या अंजनेस दिली, तरी सात पुऱ्या होऊन आठवीचा हार दिसला, आणि मुदत संपली.

घड्याळात साडेबारा वाजले. सोमाजीबाबा आल्यापासून जिन्याच्या कठड्यास टेकून उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नव्हते. ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, व्हत नसंल तर तसं सांगा. आमी दोनची गाडी गाठतो. पोरीला म्हनावं, न्हाई तर न्हाई."

त्यात रागाचा एक शब्द नव्हता आणि त्यामुळेच ते सुदर्शनरावांस फार लागले. अंजनेने मान खाली घालून पिशवीतील दाखले पुन्हा एकवार क्रमाने लाविले, जणू क्रम चुकल्यामुळेच हे होत होते. मंगळवारी आपण जो तोरा दाखविला तो आठवून सुदर्शनरावांचे कान लाल जाहले, आणि तेव्हा कोठे त्यांस आपली चौकी आठवली. एवढी विद्या पदरी असून सरदार दीड तास भिंतीवर डोके आपटीत होते. परंतु सरदारांच्या जातीचे हे जुनेच लक्षण आहे, त्याचे नवल करू नये.

मग चौकीवर पहिला हुकूम गेला, की या संकेतस्थळाहून कोणतीही तसबीर येऊ लागली तर तीस वेशीबाहेरच रोखावे. पहारेकऱ्याने रोखिले. पान क्षणात आले, आणि चौदा रिकाम्या चौकटींखाली 'मान्यवरांचे छायाचित्र येत आहे, कृपया थांबा' ऐसी अक्षरे उमटली, आणि तैसीच राहिली. बटण दिसेना. पाच मिनिटे, दहा मिनिटे, मान्यवर येत आहेत ते येतच आहेत. तेव्हा सुदर्शनरावांनी पानाचा मूळ मजकूर उघडून वाचिला आणि मर्म जाणिले. ते पान तसबिरी पाहात नव्हते, नुसत्या मोजीत होते. चौदा आल्या म्हणजे झाले, मग त्यांत कोण आहे याची त्यास फिकीर नव्हती. सरकारी मोजदाद, तीत याहून अधिक काय असावयाचे?

यावरून मसलत ठरली, की तसबीर रोखू नये, बदलावी. चौदा थोर तसबिरी चौकीवर अडवाव्या आणि प्रत्येकीचे जागी एक अगदी लहान चित्र आत सोडावे. मग लहान चित्राचा शोध चालला. संगणकात चित्रे पुष्कळ, लग्नाची, बारशाची, वाढदिवसाच्या फ्लेक्सांची, परंतु सारी अवजड. शोधता शोधता तीन केबीचे एक इवले चित्र निघाले आणि ते होते हिऱ्याचे.

हिऱ्या म्हणजे अवसरीचे गेणभाऊ यांचा बैल, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा पळविण्यात नामांकित, चार यात्रांचा पहिला नंबर ज्याचे नावे आहे. गेणभाऊंनी रंगीत पडद्याचा मोबाइल घेतला त्या दिवशीच त्यावर हिऱ्याची छबी बसवून घेतली होती, आणि मोबाइलात मावावी म्हणून सुदर्शनरावांनी ती तीन केबीची केली होती. आता विचार करावयास वेळ नव्हता. सुदर्शनरावांनी अकरा ओळींचा हुकूमनामा लिहिला: सदरहू संकेतस्थळाहून वीस केबीहून थोर जे जे चित्र येईल, मग ते कोणाचेही असो, ते बाहेर ठेवावे आणि त्याचे जागी हिऱ्या द्यावा. 'मग ते कोणाचेही असो' हे शब्द वाचणाराने ध्यानी ठेवावे. सुदर्शनरावांनी ठेविले नाहीत.

एक वाजून चाळीस मिनिटांनी हुकूम लागू जाहला, पान पुन्हा मागविले, आणि बखरकारास सांगावयास आनंद वाटतो की एक मिनिट पुरे व्हावयाचे आत चौदाही चौकटी भरल्या. मा. प्रेरणास्थान, हिऱ्या. मा. मार्गदर्शक, हिऱ्या. मा. संकल्पक, हिऱ्या, शिंगास गोंडे, कपाळी गुलाल, नजर रोखलेली. चौदा पदे, चौदा बैल. आणि त्यांचे खाली, पंधरा दिवस ज्याने तालुक्यास झुलविले, ते 'अर्ज भरा' हे बटण लुकलुकू लागले. पान जैसे चौदा साहेबांवर संतुष्ट होते तैसेच चौदा बैलांवर जाहले. सोमाजीबाबांनी नकळत हात जोडले.

इतक्यात जिन्यावर पावले वाजली आणि सुवालाल शेठजी स्वतः वर आले. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "अरे सुदर्शन, हे काय लावलंस? सायबांच्या जागी बैल? कुणी बघितलं तर माझी पाटी उतरवतील!" सुदर्शनरावांनी घाईने निवेदन केले, की हे फक्त आपल्या माडीवर दिसते, बाहेर जगात साहेब जागच्या जागी आहेत, त्यांच्या केसासही धक्का नाही. शेठजींचा विश्वास बसला नाही, परंतु त्यांची नजर अंजनेवर गेली, ती दाखल्यांची पिशवी छातीशी धरून बसली होती. मग शेठजींनी बराच वेळ घसा खाकरून हुकूम फर्माविला, की संगणकाचे तोंड जिन्याकडून भिंतीकडे फिरवावे आणि काम चालू ठेवावे. व्यापारी मनुष्याची हिंमत एवढीच असते, आणि एवढी पुष्कळ झाली.

अर्जाची पाने चार, प्रत्येकाचे माथी चौदा वेळा हिऱ्या, आणि प्रत्येक पानावर तेच तेच विचारलेले. नाव, पुन्हा नाव, पूर्वी कधी दुसरे नाव होते काय. मजल दरमजल चालली असता अडीच वाजता गेणभाऊ मोबाइलाचे रिचार्ज कुपन घेण्यास आले आणि भिंत व संगणक यांच्या फटीतून त्यांनी आत डोकावले.

"आयला! माजा हिऱ्या सरकारात?"

आता त्यांस चौकी काय आणि प्रॉक्सी काय हे कोण सांगणार? ते जिना उतरले ते बाजारपेठेत शिरले, आणि पाव घटकेत दहा-बारा मंडळी घेऊन वर आले, की चला राव, बघा, चौदा ठिकाणी लावलाय, आजवर कुणाचा बैल एवढा वर गेला न्हाई. सर्वांस चहा सांगितला गेला. माडी ती केवढी, त्यात एवढी गर्दी, कोणाचा कोपर कोणास लागला आणि एक भरला पेला थेट कळफलकावर उपडा जाहला. कळा चिकटल्या. अंजना चटकन उठली, आपल्या ओढणीने तिने कळफलक टिपला, आणि प्रथमच तिचा आवाज चढला: "भायेर व्हा समदे! बैल उद्या बगा!" गेणभाऊंसारखा घाट गाजविणारा गडी, तो निमूट जिना उतरला आणि त्याच्या मागे सारी पलटण उतरली. सुदर्शनरावांनी दुसऱ्या संगणकाचा कळफलक काढून येथे जोडिला. यात अमोलिक वेळ खर्ची पडला.

मग दाखल्यांचे आकडे भरले. मग अंजनेचा फोटो, निळा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, मध्ये भांग, स्कॅन करून चढविला, तो चाळीस केबीचा ऐवज कासवाचे गतीने वर गेला. मध्येच तार एकदा तुटली आणि मोडेमाने किंचाळून पुन्हा जोडली. तीन वाजून बावन्न मिनिटांनी अंजनेने शेवटचे बटण स्वतःच्या हाताने दाबले. तीन छप्पन्नला पडद्यावर अक्षरे उमटली, की अर्ज दाखल जाहला असे. सुदर्शनरावांनी छापण्याचा हुकूम दिला, छापयंत्राने कण्हत कण्हत कागद बाहेर टाकिला, त्याचे शेवटचे टोक सुटते न सुटते तोच वीज गेली. चारला एक मिनिट कमी होते. मंडळ वेळेआधीच हजर.

अंधुक माडीवर सुदर्शनराव कागद घेऊन खिडकीपाशी गेले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. नाव बरोबर, गाव बरोबर, गुण बरोबर. 'अर्जदाराचे छायाचित्र' ऐशा चौकटीत हिऱ्या. अंजनेचा फोटो वर गेला होता तो खरा. परंतु पोचीच्या पानावर तो परत उतरताना चौकीतून आला, वीस केबीहून थोर भरला, आणि पहारेकऱ्याने इमानाने हुकूम बजाविला. कोणाचाही असो म्हटले होते, तो अंजनेचाही निघाला. पडद्यावर पाहावे तर घाईत कोणी पाहिले नव्हते. आणि कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत दोन फर्माने: प्रत एकदाच निघेल. छायाचित्र वरून चिकटविल्यास अर्ज बाद समजावा.

अंजनेने कागद हाती घेतला. ती हसेल ऐसे सुदर्शनरावांस क्षणभर वाटले, कारण गोष्ट हसण्याजोगी होती. ती हसली नाही. तिने कागद घडी न करता दाखल्यांच्या मधोमध ठेविला आणि विचारिले, "पुन्याला पडताळनीच्या खिडकीवर काय सांगायचं?" जगाच्या तोंडावर चौदा बैल बसविणारा हा मुत्सद्दी, अठरा वर्षांच्या पोरीकडे त्याच्याने पाहवेना. शेवटी सुदर्शनराव म्हणाले, "मी येतो संगं."

छापील प्रत आणि दाखले यांची ही पडताळणी सोमवारी, पुण्यास. मधल्या तीन दिवसांत सुदर्शनरावांनी एक खुलासा लिहिला, दोन पाने, नऊ कलमे, चौकी म्हणजे काय, हुकूमनामा म्हणजे काय, चूक कोणाची, आणि मूळ दप्तरी फोटो अर्जदाराचाच आहे, खुशाल उघडून पाहावा. खाली स्वतःचे नाव, पदवी आणि सही. ही त्यांची पुण्यावरील चौथी स्वारी, आणि ही एकच त्यांनी दुसऱ्याकरिता केली.

सोमवारी पहाटेच्या गाडीने तिघे निघाले. अंजनेने तोच निळा ड्रेस घातला होता, त्याच दोन वेण्या, तोच मध्ये भांग. कागदावर आपण नाही तर निदान फोटोतल्यासारखे दिसावे, म्हणजे साहेबाने दप्तर उघडले तर लगेच ओळख पटेल, ऐसा तिचा हिशेब होता. रांगेत अडीच तास गेले. पुढच्या एका पोरीस, सहीची शाई निळी नसून काळी आहे म्हणून, परत पाठविलेले तिने डोळ्यांनी पाहिले. मग पाळी आली.

खिडकीआड कारकून, त्याचे पुढ्यात शिक्का, शिक्क्याचे बाजूस वडापाव. अंजना खिडकीच्या चौकटीत ताठ उभी राहिली, हनुवटी वर, डोळे समोर. सुदर्शनरावांनी खुलासा उघडून हाती धरिला आणि 'साहेब, यात एक तांत्रिक' एवढे शब्द उच्चारिले, इतक्यात कारकुनाने कागद ओढला आणि शिक्का उठविला. तो नेमका हिऱ्याच्या कपाळी बसला, पोळ्यास टिळा लावावा तैसा. शिक्क्यातील अक्षरे ऐशी: अर्जदारास समक्ष पाहिले, छायाचित्राशी जुळते. पुढचा. दुसऱ्या खिडकीवर दुसरा शिक्का, तपासले, बरोबर. तिसऱ्या खिडकीवर साहेबाची सही, साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी सही करिताना भिंतीवरील पंख्याकडे पाहिले. तीन खिडक्या, तीन माणसे, सहा डोळे, आणि त्यांतला एकही ना बैलावर पडला ना मुलीवर.

बाहेर पायरीवर येताच सुदर्शनरावांस हसू आवरेना. "जमलं! फत्ते! अगं, बैलाला जुळतंय म्हणाले!" सोमाजीबाबाही टोपी काढून हसू लागले. अंजना कागद हातात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते आनंदाचे नव्हते.

"दादा, चार दिस डोळ्याला डोळा न्हाई माजा. कागदावर बैल हाय म्हनून. आन त्यानं कागदबी बगितला न्हाई, मलाबी न्हाई. म्या समोर हुबी व्हते की! माजाच फोटू असता तरी त्याला काय फरक पडला असता?"

सुदर्शनरावांस आपल्या तिन्ही स्वाऱ्या आठवल्या, काचेची इमारत, थंड पाणी, आणि टेबलापलीकडची ती माणसे, त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांना आठवेना, कारण त्यांतल्या एकानेही तो वर केला नव्हता. नऊ कलमांचा खुलासा त्यांनी चार घड्या करून खिशात घातला. मग तिघांनी शिवाजीनगरास येऊन मिसळ खाल्ली आणि गाडी धरिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती दप्तरी कायम करावी. अंजनेचे नाव पहिल्याच यादीत आले. पुढे सरकारातून अर्जाची मुदत सात दिवस वाढली, त्यांत सुदर्शनरावांच्या चौकीतून आणखी एकोणतीस मुलींचे अर्ज पार पडले, आणि हुकूमनाम्यास बारावी ओळ जोडिली गेली, की अर्जदाराचा फोटो मात्र जैसा आहे तैसा येऊ द्यावा. गेणभाऊंनी शिक्का उठलेल्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि काचेत बसवून गोठ्यात टांगिली. सरकारने समक्ष पाहून जुळतो म्हणून सांगितलेला बैल तालुक्यात दुसरा नाही. सदरहू संकेतस्थळास उत्कृष्ट लोकाभिमुखतेचे पारितोषिक मिळाले, त्याप्रीत्यर्थ चौदाच्या अठरा तसबिरी जाहल्या. असल कागद अंजनेच्या नोकरीच्या फायलीत आहे, हिऱ्यासुद्धा. नेमणूक, कायम करणे, बढती, ऐशा तीन प्रसंगी ती फाइल तपासली गेली, आणि तिन्ही वेळा बरोबर आहे ऐसा शेरा पडला.

अंजना डोंगरात रुजू आहे. गाडी वळून गेल्यावरही थांबते. तिचे पुढ्यात कोणी चिठ्ठी घेऊन उभे राहिले तर ती आधी मान वर करून तोंडाकडे पाहते, मग नाव विचारते, आणि मग लिहावयास घेते. यात वेळ जातो म्हणून वरून दोनदा ताकीद आली, ती तिने फायलीस लावून ठेविली आहे.

हकिकत येथे पुरी जाहली. मोर्तब करण्यापूर्वी बखरकाराने हा कागद आरंभापासून अखेरीपर्यंत डोळ्यांनी वाचिला आहे, मग शिक्का उठविला असे.